दोन काठ्यांचा खेळ: अंधेरी ते मुलुंड, एक सोमवार आणि त्यानंतर

मुलुंडला जायचं मी ठरवलं ते एका टाकून दिलेल्या बॅगेमुळे. ऐंशीच्या दशकाचा मध्य. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला एका कारखान्याच्या ऑफिसात मी मोठ्या साहेबांची सेक्रेटरी होते. साहेब परदेशी बदलून गेले आणि जाताना गोल्फची एक कॅनव्हासची बॅग माझ्या टेबलाखाली सोडून गेले. आत पाच स्टिका होत्या. पूर्ण सेट चौदांचा असतो. नऊ चांगल्या त्यांनी बरोबर नेल्या. "मिस, टाकून द्या," म्हणाले. टाकून द्यायच्या वस्तू सेक्रेटरीच्या टेबलाखाली का ठेवतात, हे मला पंचवीस वर्षांच्या नोकरीत कळलं नाही.

आमच्या कॅन्टीनमध्ये चहा करणारी सुमन परब कप उचलायला आली आणि बॅगेकडे बघत राहिली.

"बाई, ही तर आमच्या ह्यांची काठी."

"तुझ्या नवऱ्याची? तो गिरणीत आहे ना?"

"गिरणी बंद होऊन तीन वर्षं झाली. आता मुलुंडला साहेबांच्या पिशव्या वाहतात. कॅडी म्हणतात." मग आवाज बारीक करून म्हणाली, "सोमवारी स्वतः खेळतात. तुम्हाला शिकायचं असेल तर या. पण सोमवारीच या."

मी एका सोमवारची रजा टाकली. माझ्या आयुष्यातली ही पहिली आणि शेवटची गोल्फची सहल. गेल्या महिन्यात एका वाचक मुलीने विचारलं की अर्ध्या सेटने मैदानावर गेलं तर लोक हसतात का. तिला उत्तर द्यायला बसले, आणि मग सगळंच लिहावं लागलं.

अंधेरी पूर्वेहून पवईमार्गे आग्रा रोडला जाणारी बस तेव्हा सकाळी सहाच्या सुमारास रिकामी मिळायची. मरोळ, साकीनाका, तिथून खडीच्या ट्रकांची धूळ, आणि मग एकदम उजेड पडल्यासारखा पवईचा तलाव. तेव्हा त्याच्या काठाने इमारती नव्हत्या. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला फोडलेली टेकडी. डिसेंबरचं धुकं होतं. कंडक्टरने माझ्या बॅगेकडे बघून विचारलं, "काय आहे यात, छत्र्या?" मी म्हटलं, "हो." त्याने सामानाचं वेगळं तिकीट फाडलं नाही. आग्रा रोडला लागल्यावर कांजूरनंतर भांडुप. ज्यांना आता त्या रस्त्याने जायचं असेल त्यांनी सकाळी सातच्या आत पवई ओलांडावी. हे तेव्हाही खरं होतं आणि आता तर फारच खरं आहे.

सुमनचं घर भांडुपला टेकडीच्या पायथ्याशी होतं. दोन खोल्या, बाहेर तुळस, आणि पत्र्यावर वाळत घातलेले बांगडे. तिने घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ केली होती. मी चार घावणे खाल्ले. पाचवा तिने न विचारता वाढला.

"अवो, बाई इल्यात," तिने आत हाक मारली.

आत्माराम परब बाहेर आले. पन्नाशीचा, काटकुळा, फार कमी बोलणारा माणूस. नमस्कार करून त्यांनी आधी माझी बॅग उघडली. पाचही स्टिका एकेक करून हातात तोलल्या, तीन बाहेर काढून भिंतीला टेकवल्या आणि दोन आत ठेवल्या. एक लोखंडी, मधल्या उताराची. दुसरी पटर, म्हणजे चेंडू खळग्यात ढकलायची.

"बाकीच्या?" मी विचारलं.

"बाकीच्यांचं ओझं कशाला? सोमवारी आम्ही दोन घेतो."

"अहो, पण पाच असताना..."

"पाच असल्या की माणूस कुठली घेऊ म्हणून विचार करतो. मागचे थांबतात."

सुमन हसली. "घरात एवढं एका वेळी बोलत नाहीत हो. सोमवार आहे म्हणून बोलतायत." मग रिक्षा शोधायला ते पुढे गेल्यावर ती मला म्हणाली, "गिरणी गेली तेव्हा वर्षभर हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसायचा. सोमवारने उठवला. रविवारी संध्याकाळपासूनच माझा घो वेगळा असतो." सुमनने त्या दिवशी कॅन्टीनमधून रजा घेतली होती. तिलाही नवऱ्याला खेळताना बघायचं होतं. दोन वर्षांत तिने एकदाही बघितलं नव्हतं.

मुलुंडच्या टेकड्यांखाली, एका कारखान्याच्या जागेत नऊ होलचं ते मैदान होतं. आज शोधू नका. तिथे आता तिसाव्या मजल्यावर पोहण्याचे तलाव आहेत. तेव्हा आपटा, शिरीष, मधून वाहणारा एक ओढा, आणि कडेला कारवीचं रान. सोमवारी मैदान मेंबरांना बंद असायचं. त्या दिवशी गवत कापायचं, पाणी द्यायचं. आणि त्या दिवशी सकाळी अकराला पंप सुरू होईपर्यंत कॅडी खेळायचे. ही परवानगी कुणी दिली होती, असं मी विचारलं. आत्मारामांनी खांदे उडवले. कुणी दिली नव्हती, कुणी नाकारलीही नव्हती. माळी दुसरीकडे बघायचा, वॉचमन तिसरीकडे.

फाटकातून आत शिरताना त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. "बाई, चपला काढा."

"अनवाणी? काटे आहेत."

"काटे तुम्हाला लागतील, ते दिसतील. चपलेची टाच ग्रीनला लागली तर ती मंगळवारी दिसेल."

मी चपला काढल्या. शाळेत नन्सनी मला सूप पिताना चमचा कुठल्या दिशेने फिरवायचा ते शिकवलं होतं. बोलण्याआधी गप्प कसं राहायचं, हेही त्यांनी शिकवायचा प्रयत्न केला. पण शिष्टाचार म्हणजे नेमकं काय ते मला त्या दिवशी साडेसात ते अकरा या वेळात समजलं, आणि तेही चुका करून.

पहिली चूक: मी बॅग ग्रीनवर ठेवली. ग्रीन म्हणजे खळग्याभोवतीची ती गालिच्यासारखी हिरवळ. आत्मारामांनी बॅग उचलली आणि कडेच्या जाड गवतात, पुढच्या होलकडे जायच्या वाटेवर ठेवली, म्हणजे आणायला परत फिरावं लागू नये. दुसरी चूक: दुसरा एक कॅडी चेंडू मारणार होता आणि मी सुमनला विचारलं, "हा शिरीषच ना गं?" तो मारायचा थांबला. सरळ उभा राहिला. माझ्याकडे बघितलंही नाही. मी लाजेने लाल झाले. सुमन पदराआडून म्हणाली, "बाई, देवळात आल्यासारख्या राहा."

तिसरी चूक मोठी होती. सात-आठ वेळा हवेत काठी फिरवल्यावर माझा एक फटका एकदाचा बसला. चेंडू गेला तीस-चाळीस पावलं, आणि त्याच्याबरोबर हिरवळीचा पुरणपोळीएवढा तुकडा उडाला. मी आनंदाने चेंडूमागे निघाले.

"बाई," आत्माराम मागून म्हणाले. "तुमचा खड्डा."

"माळी बघेल की."

"माळ्याला का म्हणून? तो आपल्याला बघत नाही ते पुरे नाही का?"

मी परत आले. तुकडा शोधला, होता तसा बसवला, आणि त्यांनी दाखवलं तसं अनवाणी टाचेने चारी बाजूंनी दाबला. ते वाकून बघत होते. मग बोटाने एक कड आणखी आत ढकलली. "मंगळवारी मेंबर येतात. त्यांना वाटलं पाहिजे की सोमवारी इथे फक्त पाखरं उतरली."

त्या दिवशी खेळणाऱ्या चार कॅडींत मिळून सहा-सात स्टिका होत्या, सगळ्या मेंबरांनी वाकल्या म्हणून टाकलेल्या. पटर मात्र दोनच. खरं तर नियमाने एकाची स्टिक दुसऱ्याने वापरायची नसते, आणि त्यामुळे खेळ रेंगाळतो हेही खरं. पण यांचा खेळ रेंगाळत नव्हता. ज्याचं झालं तो पटर ग्रीनच्या बाहेर, मूठ पुढच्याकडे करून ठेवायचा आणि बाजूला व्हायचा. मागायचं नाही, द्यायचं नाही, फेकायचं तर नाहीच. आपली सावली दुसऱ्याच्या चेंडूच्या वाटेवर पडू द्यायची नाही. वाळूच्या खड्ड्यात, म्हणजे बंकरमध्ये, उतरलं तर मागे फिरून शेवग्याच्या फांदीने वाळू सारखी करायची, कारण दाताळं सोमवारी कुलपात असायचं. तर वाचक मुली, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. दोन स्टिका पुरतात. लोक हसतात ते स्टिका कमी म्हणून नाही, तू मागे काय सोडून जातेस त्यावर.

आत्माराम परब त्या दिवशी नऊ होल अडतीस फटक्यांत खेळले. दोन काठ्या, अनवाणी. गोल्फ कळणाऱ्यांना यातलं मोठेपण सांगायला नको. न कळणाऱ्यांनी एवढं समजावं की बरेच मेंबर चौदा स्टिका घेऊन पन्नासच्या खाली येत नसत. शेवटचा चेंडू खळग्यात पडला तेव्हा सुमन टाळी वाजवायला गेली आणि हात हवेतच थांबवले.

"वाजव," ते म्हणाले. "आता चालतं."

तिने एकदाच वाजवली.

इथवर सगळं छान आहे. इथेच थांबले असते तर या ब्लॉगवर एक सुखाची सहल नोंदली गेली असती.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी परत तिथे गेले, पण रविवारी आणि मोटारीतून. आमच्या नव्या साहेबांचे परदेशी पाहुणे आले होते, त्यांना खेळायचं होतं, आणि जेवणाची व्यवस्था बघायला सेक्रेटरी. मी चपला घालून, हातात वही घेऊन नऊ होल मागून चालले. त्यांच्या गटात तिथला एक जाडजूड मेंबर होता आणि त्याची बॅग उचलायला आत्माराम. त्यांनी मला ओळख दिली नाही. नजर माझ्यावरून अशी गेली जशी झाडावरून जाते. ते बरोबरच होतं.

मेंबराच्या बॅगेत चौदाच्या चौदा. प्रत्येक फटक्याआधी तीन स्टिका बाहेर, दोन आत, एक बदलून. हिरवळीचे तुकडे उडत होते आणि हा गृहस्थ पुढे. मागे आत्माराम बॅग खांद्यावर घेऊन वाकायचे, तुकडा बसवायचे, दाबायचे आणि धावत गाठायचे. ग्रीनवर तो बुटांचे खिळे ओढत चालला. बंकरमधून हत्ती गेल्यासारखा बाहेर आला. मी फटके मोजले, मला सवय आहे मोजायची. त्रेपन्न झाले, त्याने सत्तेचाळीस सांगितले.

सातव्या होलवर त्याचा चेंडू कारवीत गेला. मारताना त्याचाच मित्र मागे मोठ्याने हसला होता. हा वळला तो आत्मारामांवर. "मी मारत असताना बोलतोस?" मग पाहुण्यांकडे बघून इंग्रजीत म्हणाला, "या लोकांना खेळाचा शिष्टाचार शिकवून थकलो आम्ही."

आत्माराम खाली बघून "सॉरी साब" म्हणाले.

आणि मी, जिच्या जिभेला अख्खं ऑफिस घाबरायचं, ती गप्प बसले. नवे साहेब बाजूला होते. पाहुणे होते. जेवणाला सव्वाची वेळ दिली होती. मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

घरी येईपर्यंत माझ्या अंगाची आग झाली होती. रविवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून मी क्लबच्या कमिटीला पत्र लिहिलं. पत्र हे माझं हत्यार. पहिल्या परिच्छेदात गोडवा, दुसऱ्यात वस्तुस्थिती, तिसऱ्यात टाचणी, हे आम्हाला आठवीतच शिकवलं होतं. मेंबराचं नाव घेतलं नाही, पण वर्णन असं केलं की आंधळ्याने ओळखावं. आणि दुसऱ्या परिच्छेदात, पुरावा म्हणून, मी माझा सोमवार लिहिला. तुमचे कॅडी दर सोमवारी दोन स्टिका घेऊन अनवाणी खेळतात आणि मैदान जसं ठेवतात तसं तुमच्या मेंबरांना चौदा स्टिका घेऊनही जमत नाही. मला ते वाक्य फार आवडलं होतं. सोमवारी ऑफिसात टाइप केलं. मंगळवारी पुन्हा टाइप केलं, कारण एक स्वल्पविराम खटकत होता. बुधवारी पेटीत टाकलं.

गुरुवारी चहा घेताना सुमनला सांगितलं. मला वाटलं ती खूश होईल.

ती किटली धरून उभी राहिली. "सोमवारचं त्यात काय नाय ना लिहिलंत?"

"तेच तर लिहिलंय. अगं, तोच तर मुद्दा आहे."

"पाठवलंत?"

"काल."

तिने माझा कप भरला. पुढच्या टेबलाकडे गेली.

पत्राला उत्तर आलं नाही, म्हणून दोन आठवड्यांनी मी दुसऱ्यांदा पवईच्या बसमध्ये बसले. तलाव होता, धुकं नव्हतं. भांडुपला उतरले नाही. सरळ मुलुंडला उतरून स्टेशनजवळ उभ्याने एक वडापाव खाल्ला. तो बरा होता, चटणी जरा जास्त. तिथून रिक्षा.

क्लबच्या सेक्रेटरीसाहेबांनी मला चांगल्या कपातून चहा दिला. माणूस सभ्य होता, हेच वाईट. "मॅडम, तुमचं पत्र फार सुरेख होतं. कमिटीत वाचून दाखवलं. ज्यांच्याबद्दल होतं तेही हजर होते."

"मग?"

"त्यांनी विचारलं, सोमवारी कॅडी खेळतात हे कमिटीला ठाऊक आहे का? आता बघा, आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. दहा वर्षं ठाऊक होतं. पण कागदावर आलं की एक तर रीतसर परवानगी द्यावी लागते, नाही तर बंद करावं लागतं. परवानगीसाठी हात वर करा म्हटलं, तर कुणाचा वर झाला नाही."

"तुमचाही नाही?"

"मी पगारी माणूस आहे, मॅडम. मला मत नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्ही जर फक्त त्या गृहस्थांबद्दल लिहिलं असतंत, तर बरं झालं असतं."

बाहेर फाटकावर इंग्रजीत आणि मराठीत नोटीस होती. सोमवारी मैदानात प्रवेश नाही, उल्लंघन करणाऱ्या कॅडीचा कामाचा बिल्ला जप्त. माझ्या टाइपरायटरइतकीच स्वच्छ टाइप केलेली.

आत्माराम कॅडींच्या शेडमध्ये बसले होते. मला बघून उठले, आपण बसलेली फळी झटकून दिली. मी बसले नाही.

"बाई, पत्रात काय लिहिलंत ते मराठीत सांगाल?"

मी उभ्याने सगळं पत्र सांगितलं. पाठ होतं. ते जराही न हलता ऐकत होते.

"चांगलं लिहिलंत," ते म्हणाले. "खोटा एक शब्द नाय."

"मी दुसरं पत्र लिहिते. सांगते त्यांना की माझी चूक झाली, की..."

"नको," ते म्हणाले, आणि त्यांचा हात वर आला, जसा चालत्या बससमोर करतात. मग त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. "नको बाई. राहू दे आता."

"मी तुम्हाला आधी विचारलं असतं तर काय सांगितलं असतंत?"

"लिहू नका म्हणून." मग म्हणाले, "तुम्ही ऐकलं असतंत की नाय, ते मला माहीत नाय."

मलाही माहीत नाही. त्या वेळची मी मला आठवते, म्हणून शंका येते.

परत येताना बस साकीनाक्याला तासभर अडकली. ज्यांना या भागात दुपारी फिरायचं आहे त्यांनी पाणी बरोबर ठेवावं. मी अंधेरीला उतरले, घरी आले, चहा केला आणि न पिता ओतून दिला.

सुमन त्यानंतरही सहा वर्षं आमच्या कॅन्टीनमध्ये होती. माझ्याशी नीट बोलायची, कधी एक टोचरा शब्द नाही. मी अधूनमधून विचारायचे, आत्माराम कसे आहेत. "बरे आहेत," म्हणायची. एकदाच, बहुधा तिचाही दिवस वाईट होता, ती पुढे म्हणाली, "सोमवारी झोपून असतात. भिंतीकडे तोंड करून."

माझ्या हातून आयुष्यात बरीच पत्रं गेली. महापालिकेला, वीज कंपनीला, भाच्याच्या शाळेला. त्यांतल्या काहींनी कामं झाली आणि मला त्यांचा अभिमान आहे. या एकाचा हिशेब मात्र लागत नाही. त्यातला राग खरा होता. त्यातली माणसं खरी होती. मी ते रविवारी लिहिलं आणि बुधवारी टाकलं, मध्ये तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत सुमनने माझ्या टेबलावर रोज दोनदा चहा आणून ठेवला. मी प्रत्येक वेळी "थँक्यू" म्हटलं, आणि एकदाही तिला विचारलं नाही.